पेटीचा गांधार, तंबोऱ्याचा गांधार

आपल्या गायनवर्गातल्या पालकांकडून अलीकडे एक प्रश्न वारंवार येतो. मूल घरी रियाजाला बसले की आई किंवा बाबा फोनवर सूर दाखवणारे ॲप लावतात. षड्ज बरोबर येतो, पंचम बरोबर येतो. गांधार लागला की मात्र काटा डावीकडे झुकतो आणि पडद्यावर उणे चौदा असा आकडा दिसतो. मूल तर वर्गात तंबोऱ्यावर घोटून घेतलेला गांधारच लावत असते. मग चूक कोणाची? मुलाच्या गळ्याची, शिकवणाऱ्याची, की ॲपची?

थोडक्यात उत्तर असे, की इथे दोन वेगळ्या मोजपट्ट्या आहेत. तंबोरा एका मापाने गांधार देतो, पेटी आणि ॲप दुसऱ्या मापाने. दोन्ही मापे हिशेबाने पक्की आहेत, पण ती एकमेकांशी जुळत नाहीत आणि कधी जुळणारही नाहीत. हा फरक कुठून येतो, आपल्या पूर्वसूरींनी तो कसा ओळखला आणि आज घरी, वर्गात व मैफलीत त्याचे काय करायचे, हे या लेखात आम्ही मांडत आहोत. लागणारे गणित गुणाकार-भागाकारापुरतेच आहे.

स्वर आणि प्रमाण

तार एका सेकंदात जितक्या वेळा कंप पावते ती तिची कंपनसंख्या. मध्य षड्ज २४० कंपनांचा धरू. संगीतशास्त्राच्या अनेक पाठ्यपुस्तकांत हाच आकडा घेतलेला असतो, कारण त्याला २, ३, ४, ५, ६ या सगळ्यांनी भाग जातो. गळ्याचा प्रत्यक्ष षड्ज काळी एक असो वा काळी चार, पुढची प्रमाणे बदलत नाहीत.

कानाला दोन स्वर एकमेकांत मिसळल्यासारखे वाटतात तेव्हा त्यांच्या कंपनसंख्यांचे प्रमाण लहान पूर्णांकांचे असते. तार षड्ज मध्य षड्जाच्या दुप्पट, म्हणजे ४८०. पंचम दीडपट, म्हणजे ३६०. शुद्ध मध्यम ४/३, म्हणजे ३२०. शुद्ध गांधार ५/४, म्हणजे ३००. कोमल गांधार ६/५, म्हणजे २८८.

महत्त्वाची गोष्ट ही, की कानाला अंतर कळते ते गुणोत्तराचे. २४० ते ३६० हे अंतर १२० कंपनांचे आणि ४८० ते ७२० हे २४० कंपनांचे, तरी कानाला दोन्ही षड्ज-पंचमच वाटतात, कारण दोन्हीकडे दीडपट आहे. म्हणून स्वरांच्या हिशेबात अंतर वाढवायचे तर गुणायचे आणि कमी करायचे तर भागायचे.

तंबोऱ्यातून आपोआप येणारा गांधार

तंबोऱ्यावर गांधाराची तार नसते. पंचम, दोन जोडीच्या तारा आणि खर्ज, एवढ्याच चार तारा. तरीही तंबोरा चांगला जुळला आणि जवारी नीट उघडली, की खर्जातून गांधार स्पष्ट ऐकू येतो. याला आपण स्वयंभू गांधार म्हणतो.

तो कसा येतो ते पाहू. तार एकाच गतीने कंप पावत नाही. तिच्या मूळ कंपनाबरोबर त्याच्या दुप्पट, तिप्पट, चौपट, पाचपट अशी कंपनेही चालू असतात. खर्ज १२० कंपनांचा असेल तर त्यातून २४०, ३६०, ४८० आणि ६०० हे सूर निघतात. पहिले तीन म्हणजे मध्य षड्ज, पंचम आणि तार षड्ज. पाचपटीचा ६०० म्हणजे ४८० चा ५/४, अर्थात तार सप्तकातला गांधार.

घोडीचा किंचित वक्र पृष्ठभाग आणि त्यावर तारेखाली सरकवलेला दोरा या वरच्या सुरांना बळ देतात. सर चंद्रशेखर व्यंकट रामन यांनी १९२१ साली भारतीय तंतुवाद्यांवर लिहिताना तंबोऱ्याच्या आणि वीणेच्या घोडीचे हे वैशिष्ट्य नोंदवले होते. साध्या धारदार घोडीवर जे सूर तारेतून निघू नयेत तेही इथे निघतात, हे त्यांच्या लक्षात आले. मिरजेचे कारागीर जवारी काढताना कानाने जे साधतात त्याचेच हे शास्त्र.

तंबोऱ्याचा गांधार म्हणजे असा ५/४ चा गांधार. तो कोणी ठरवून दिलेला नाही. तो तारेतच आहे.

पंचमाच्या साखळीतला गांधार

गांधाराला पोहोचण्याची दुसरीही एक वाट आहे. षड्जाचा पंचम घ्यायचा, त्या पंचमाचा पंचम घ्यायचा, आणि असे पुढे जात राहायचे. स्वर सप्तकाबाहेर गेला की निम्मा करून आत आणायचा.

२४० चा पंचम ३६०. त्याचा पंचम ५४०; निम्मा केला की २७०, हा शुद्ध ऋषभ. २७० चा पंचम ४०५, हा धैवत. ४०५ चा पंचम ६०७.५, निम्मा केला की ३०३.७५, हा गांधार.

तंबोऱ्याने ३०० सांगितला होता, पंचमांच्या साखळीने ३०३.७५ सांगितला. चारही पंचम शुद्ध आहेत, कुठेही चूक झालेली नाही. तरीही दोन गांधारांत ८१/८० एवढे अंतर उरले. पाश्चात्त्य संगीतशास्त्रात याला सिंटॉनिक कॉमा म्हणतात.

धैवताचेही तेच. मध्यमाचा (३२०) गांधार म्हणून पाहिले तर धैवत ४०० येतो. ऋषभाचा (२७०) पंचम म्हणून पाहिले तर ४०५. पुन्हा ८१/८०. कोणता धैवत खरा, याचे उत्तर तो कोणत्या स्वराच्या संगतीत गायचा यावर अवलंबून राहते. मध्यमावर विसावणाऱ्या स्वरसमूहात कान ४०० मागतो; ऋषभ-धैवत संवाद जपायचा तर ऋषभ २७० ठेवून धैवत ४०० चालत नाही.

वर्तुळ का मिटत नाही

पंचमांची ही साखळी बारा पावले चालवली की बारा वेगवेगळे स्वर होऊन आपण पुन्हा षड्जावर येतो, असे पेटीच्या पट्ट्या पाहून वाटते. हिशेब केला तर तेराव्या ठिकाणी २४० ऐवजी जवळजवळ २४३.२७ येतात. उरलेला हा फरक पायथागोरसचा कॉमा म्हणून ओळखला जातो.

साखळी आणखी लांबवली तर कधीतरी नेमकी जुळेल का? नाही. कारण सोपे आहे. पंचम घेताना आपण दर वेळी ३ ने गुणतो आणि सप्तकात आणताना २ ने भागतो. साखळी मिटायची तर ३ चा कुठलातरी घात २ च्या घाताएवढा व्हायला हवा. पण ३ ला ३ ने कितीही वेळा गुणले तरी उत्तर विषमच राहते आणि २ चा घात नेहमी समच असतो. विषम संख्या सम संख्येएवढी होणार कशी? बारा पंचमांना ३ चा बारावा घात ५,३१,४४१ येतो आणि त्याच्या सर्वांत जवळचा २ चा घात ५,२४,२८८. जवळ आहेत, समान नाहीत.

गांधारांची साखळीही मिटत नाही. २४० चा गांधार ३००, त्याचा ३७५, त्याचा ४६८.७५. तीन गांधारांत तार षड्ज यावा असे पेटीवर दिसते, पण ४८० ला सव्वाअकरा कंपने कमीच पडतात.

म्हणजे सूर लावण्याची कोणतीही पद्धत घेतली तरी थोडे काहीतरी शिल्लक राहणारच. पद्धतींमधला फरक एवढाच, की ते शिल्लक कुठे ठेवायचे.

सेंटची मोजपट्टी

असे बारीक फरक मोजायला एकोणिसाव्या शतकात अलेक्झांडर एलिस यांनी सेंट हे माप रूढ केले. एका सप्तकाचे १२०० सेंट. पेटीच्या लागोपाठच्या दोन पट्ट्यांत १०० सेंट. गुणोत्तरांचा गुणाकार या मापात साध्या बेरजेत बदलतो, म्हणून ते सोयीचे. ॲपवरचा आकडा याच मापाचा असतो.

या मापात शुद्ध पंचम ७०२, तंबोऱ्याचा गांधार ३८६.३ आणि साखळीचा गांधार ४०७.८ सेंटांवर येतो. सिंटॉनिक कॉमा २१.५ सेंटांचा, पायथागोरसचा कॉमा २३.५ सेंटांचा.

पेटीने काढलेला तोडगा

हार्मोनिअम एकोणिसाव्या शतकाच्या मध्यात पॅरिसमध्ये घडली आणि येताना युरोपचा तोडगा घेऊन आली. त्या तोडग्यामागेही मोठा इतिहास आहे. युरोपातील जुन्या ऑर्गनवर गांधार शुद्ध ठेवण्यासाठी प्रत्येक पंचम थोडा उतरवत. अकरा पंचम असे उतरवले की सगळे शिल्लक बाराव्यावर साचे आणि तो इतका बेसूर होई की त्याला ‘लांडगा’ म्हणत, कारण तो गुरगुरल्यासारखा वाजे. वादक ती जागा टाळून वाजवत.

पुढे सगळ्यांनी सारखे नुकसान सोसायचे असा मार्ग रुळला. सप्तकाचे बारा अगदी समान भाग करायचे, प्रत्येक भाग आधीच्या १.०५९४६ पट. चीनमध्ये जू झाय्यू यांनी १५८४ साली हा हिशेब काटेकोर मांडला होता. याला आपण टेंपर्ड सप्तक म्हणतो. त्यात आणि शुद्ध प्रमाणांत किती फरक पडतो ते षड्ज २४० धरून पाहा:

शुद्ध ऋषभ (९/८): शुद्ध २७०, पेटी २६९.४; पेटी ४ सेंट खाली
कोमल गांधार (६/५): शुद्ध २८८, पेटी २८५.४, पेटी १६ सेंट खाली
शुद्ध गांधार (५/४): शुद्ध ३००, पेटी ३०२.४, पेटी १४ सेंट वर
शुद्ध मध्यम (४/३): शुद्ध ३२०, पेटी ३२०.४, पेटी २ सेंट वर
पंचम (३/२): शुद्ध ३६०, पेटी ३५९.६, पेटी २ सेंट खाली
कोमल धैवत (८/५): शुद्ध ३८४, पेटी ३८१, पेटी १४ सेंट खाली
शुद्ध धैवत (५/३): शुद्ध ४००, पेटी ४०३.६, पेटी १६ सेंट वर
शुद्ध निषाद (१५/८): शुद्ध ४५०, पेटी ४५३.१, पेटी १२ सेंट वर

पंचम आणि मध्यम जवळजवळ जागेवर आहेत. खरी किंमत मोजली आहे ती गांधार, धैवत आणि निषादांनी. पालकांना दिसलेले उणे चौदा इथूनच आले. षड्ज पेटीच्या पट्टीशी नेमका मिळवलेला असेल आणि मुलाने तंबोऱ्याचा गांधार लावला, तर टेंपर्ड मापाचे ॲप त्याला चौदा सेंट उतरलेलाच दाखवणार.

मग पेटी शुद्ध प्रमाणांत का लावत नाहीत? लावता येते. कारागीर कानशीने सुराचे टोक किंचित घासून स्वर चढवतो आणि बुडाशी घासून उतरवतो. पण अशी पेटी एकाच षड्जापुरती शुद्ध राहते. समजा पांढरी एक षड्ज धरून ती २४०, २७०, ३००, ३२०, ३६०, ४००, ४५० अशी लावली. पुढच्या गायकाने पांढरी दोन, म्हणजे २७०, हा षड्ज घेतला तर त्याला पंचम ४०५ हवा, आणि पेटीवर मिळणार ४००. हा पंचम २१.५ सेंट उतरलेला, म्हणजे घरातच लांडगा. मंडळाच्या एकाच पेटीवर काळी एकचे गायक आणि काळी चारच्या गायिका दोघांची साथ करायची तर टेंपर्ड सप्तकाला पर्याय नाही. पेटीने शुद्धता सोडली ती या सोयीसाठी.

भरताच्या दोन वीणा

आपल्याकडे हा उरलेला फरक फार पूर्वी ओळखला गेला होता. नाट्यशास्त्राच्या अठ्ठाविसाव्या अध्यायात भरताने सप्तकाच्या बावीस श्रुती सांगितल्या आहेत: षड्जाच्या चार, ऋषभाच्या तीन, गांधाराच्या दोन, मध्यमाच्या चार, पंचमाच्या चार, धैवताच्या तीन आणि निषादाच्या दोन. ज्या दोन स्वरांत नऊ किंवा तेरा श्रुतींचे अंतर असेल ते एकमेकांचे संवादी. तेरा म्हणजे षड्ज-पंचम, नऊ म्हणजे षड्ज-मध्यम.

या मापाने षड्जग्रामात ऋषभ ते पंचम मोजा: गांधाराच्या दोन, मध्यमाच्या चार, पंचमाच्या चार, एकूण दहा. संवादासाठी हव्या होत्या नऊ. एक श्रुती जास्त. मध्यमग्रामात पंचम एका श्रुतीने उतरवला की ऋषभ-पंचम संवाद जुळतो, पण मग षड्ज-पंचम संवाद जातो. दोन्ही एकाच वेळी मिळत नाहीत. पंचमाच्या या दोन जागांमधल्या अंतराला भरताने प्रमाणश्रुती म्हटले आहे.

ती ऐकवण्यासाठी त्याने दोन सारख्या वीणा घ्यायला सांगितल्या. दोन्ही षड्जग्रामात जुळवायच्या. एक तशीच ठेवायची. दुसरीचा पंचम मध्यमग्रामाचा करायचा आणि मग बाकीचे स्वरही त्याच मानाने उतरवून ती पुन्हा षड्जग्रामात आणायची. आता दुसरी वीणा पहिलीपेक्षा बरोबर एका श्रुतीने खाली. असे उतरवत गेले की दुसरीचे स्वर पहिलीच्या वेगळ्या स्वरांना क्रमाने येऊन मिळतात आणि श्रुतींची मोजणी कानाने पडताळता येते. यालाच सारणा म्हणतात.

भरताने अपूर्णांक दिलेले नाहीत. त्याचा सगळा हिशेब कानाचा आहे. पण संवाद शुद्ध धरून आपण आकडे घातले तर काय दिसते? तीन श्रुतींचा ऋषभ १०/९ धरला तर २६६.६७. त्याचा शुद्ध मध्यम, म्हणजे ४/३, येतो ३५५.५६. षड्जाचा पंचम आहे ३६०. या दोहोंचे प्रमाण बरोबर ८१/८०. तंबोऱ्याच्या आणि साखळीच्या गांधारांत उरलेला फरकच इथे प्रमाणश्रुती होऊन समोर येतो.

तेराव्या शतकात देवगिरीच्या यादव राजा सिंघणाच्या आश्रयाला असलेल्या शार्ङ्गदेवाने ‘संगीतरत्नाकरा’त बावीस तारांच्या वीणा घेऊन हीच मांडणी पुन्हा केली.

बावीसचा हिशेब

श्रुती म्हणजे सप्तकाचे बावीस समान भाग, असा समज सर्रास आढळतो. तसे भाग केले तर प्रत्येक ५४.५ सेंटांचा होतो आणि तेरा श्रुतींचा पंचम ७०९ सेंटांवर जातो. शुद्ध पंचमाहून तो सात सेंट चढा. तंबोऱ्यावर लगेच खटकेल.

शुद्ध प्रमाणांतून पाहिले तर चार श्रुतींचे अंतर ९/८, तीनचे १०/९ आणि दोनचे १६/१५ येते. यातून तीन आकारांच्या श्रुती निघतात: मोठी २५६/२४३, म्हणजे ९०.२ सेंट, मधली २५/२४, म्हणजे ७०.७ सेंट; आणि लहान ८१/८०, म्हणजे २१.५ सेंट. सप्तकात मोठ्या सात, मधल्या पाच आणि लहान दहा. बेरीज करा: श्रुती बावीस आणि सेंट १२००. हिशेब चोख बसतो. अर्थात ही भरताच्या शब्दांवरून आधुनिक काळात केलेली एक मांडणी आहे, एवढे लक्षात ठेवायला हवे.

बडोदे, १९१६

हा वाद आपल्या गावातही रंगला आहे. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी तारेची लांबी मोजून आणि खाँसाहेब अब्दुल करीम खाँ यांच्या गायनाच्या मदतीने श्रुतींचे आकडे निश्चित करण्याचा प्रयत्न केला. त्यांचे बावीस श्रुतींवरचे इंग्रजी पुस्तक १९१० साली निघाले. सनदी अधिकारी अर्नेस्ट क्लेमंट्स यांनी त्यांना साथ दिली आणि त्यातून श्रुती-हार्मोनिअम तयार झाली.

१९१६ साली सयाजीराव महाराजांच्या आश्रयाने बडोद्यात पहिली अखिल भारतीय संगीत परिषद भरली. पंडित विष्णु नारायण भातखंडे तिचे प्रमुख सूत्रधार होते. श्रुतींचा प्रश्न आणि श्रुती-हार्मोनिअम दोन्ही तिथे चर्चेला आली. श्रुतींना असे ठाम आकडे चिकटवणे भातखंड्यांना मान्य नव्हते. राग बारा स्वरांत लिहिता येतो, शिकवता येतो, बारीक जागा गुरुमुखातून घ्यायच्या, अशी त्यांची भूमिका होती. आज वर्गात आपण वापरतो ती स्वरलिपी त्याच भूमिकेतून आली.

पेटीवरचा आक्षेप पुढेही संपला नाही. १९४० साली आकाशवाणीने हार्मोनिअमवर बंदी घातली. ती सैल व्हायला १९७१ साल उजाडावे लागले. दरम्यान गोविंदराव टेंबे यांच्यासारख्यांनी पेटीला मराठी रंगभूमीवर आणि मैफलीत मानाचे स्थान मिळवून दिले. बेळगावचे पंडित रामभाऊ विजापुरे आणि मूळ गोव्याचे पंडित तुळशीदास बोरकर यांनी तेच वाद्य गायकी अंगाने वाजवून दाखवले. अलीकडे डॉ. विद्याधर ओक यांनी बावीस श्रुतींची पेटी सिद्ध केली आहे. तिच्यात षड्ज-पंचम सोडून उरलेल्या दहा स्वरांना दोन-दोन जागा आहेत आणि खुंटी ओढून हवी ती निवडता येते.

मग गायक नेमका कोणत्या आकड्यावर गातो? १९६३ साली नझीर जयराझभॉय आणि ए. डब्ल्यू. स्टोन यांनी गायक-वादकांचे स्वर यंत्राने मोजले. एकाच कलाकाराचा, एकाच रागातला स्वरही थोडा मागेपुढे होताना आढळला. दरबारीचा आंदोलित कोमल गांधार ज्यांनी ऐकला आहे त्यांना याचे नवल वाटणार नाही. तिथे स्वर एका बिंदूवर उभाच नसतो. मात्र भूप किंवा यमनात गायक गांधारावर ठेहराव घेतो तेव्हा त्याच्यामागे तंबोरा वाजत असतो, आणि त्या शांत क्षणी दोन सुरांत लाट उठते की नाही, हे कान लगेच सांगतो.

घरी करून पाहा

तंबोरा, किंवा तंबोऱ्याचे चांगले ॲप, पेटीच्या षड्जाशी मिळवा. काही मिनिटे केवळ ऐका आणि खर्जाच्या शेवटी उमटणारा गांधार पकडा. आता पेटीवर तार सप्तकातला गांधार हलका धरा. सुरात थरथर जाणवेल. २४० च्या हिशेबात तंबोऱ्याचा गांधार ६००, पेटीचा ६०४.८, फरक सुमारे पाच, म्हणून सेकंदाला सुमारे पाच वेळा आवाज लहानमोठा होतो. भौतिकशास्त्रात याला विस्पंद म्हणतात. पेटी सोडा आणि तोच स्वर गळ्याने लावा. हळूहळू उतरत या. एका जागी थरथर थांबते आणि गळ्याचा स्वर तंबोऱ्यात विरघळतो. ती जागा ५/४ ची.

हा प्रयोग आठ-दहा वर्षांच्या मुलांनाही जमतो. आकडे न सांगता करून घ्यावा, हे उत्तम.

वर्गासाठी, साथीसाठी आणि पालकांसाठी

तंबोरा लावताना पेटीवरून फक्त षड्ज घ्यावा. पंचम जोडीच्या तारांशी कानाने मिळवावा. पेटीचा पंचम दोन सेंट उतरलेला असतो. शेवटची बारीक जुळणी खुंटीने न करता मण्याने करावी.

नवशिक्यांचा रियाज रोज थोडा वेळ तरी केवळ तंबोऱ्यावर व्हावा. सतत पेटीच्या पट्टीवर बोट ठेवून शिकलेल्या मुलाच्या कानात ३०२.४ चाच गांधार बसतो, आणि नंतर तंबोऱ्यापुढे बसल्यावर त्याला स्वतःचाच स्वर परका वाटतो. पेटी सरगम लक्षात ठेवायला, आधाराला आणि समूहगानाला अवश्य असावी. भजन आणि नाट्यगीत तर तिच्याशिवाय सुनेच वाटेल.

साथीदाराने गायक गांधार, धैवत किंवा निषादावर थांबला असताना तीच पट्टी दाबून धरू नये. षड्ज किंवा पंचमाचा भरणा द्यावा, किंवा पट्टी हलकी स्पर्शून सोडावी. मुरलेले साथीदार हे नकळत करतच असतात.

पालकांना एवढेच सांगणे, की ॲपचा काटा षड्ज-पंचमासाठी जरूर वापरा. गांधार, धैवत, निषादाला तो दहा-पंधरा सेंटांनी मागेपुढे झाला तर मुलाला बेसूर म्हणण्याआधी ॲप बंद करून तंबोरा लावा. स्वर तंबोऱ्यात मिसळत असेल तर मूल बरोबर आहे. चाळीस-पन्नास सेंटांचा फरक दिसला तर मात्र श्रुतीचे नाव पुढे करू नये. तो रियाजाचा प्रश्न आहे. सूर लागत नसताना ‘ही आमची श्रुती’ म्हणणाऱ्या मोठ्यांनाही हे लागू आहे.

येत्या गायनवर्गात तंबोरा जुळवून झाल्यावर पहिली दहा मिनिटे पेटी बंद ठेवून स्वयंभू गांधार ऐकण्याचा पाठ घ्यावा, असे आम्ही सुचवतो. पालकांनीही मुलांसोबत बसावे. उणे चौदाचे कोडे तिथे कानानेच सुटेल.